दुखतंय म्हणायचा धडा

बाईंना आलेखाचं वेड होतं. मोजल्याशिवाय कुठल्याच गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नसे. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी नवऱ्याच्या घोरण्याचासुद्धा आलेख काढला होता. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याला मोजमापाचं वावडं नव्हतं. "ही मला सोडून जायची नाही," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "हिचा तक्ता अजून अर्धाच भरलाय."

चेष्टा राहू दे. स्वमग्न मुलांना शिकवण्यात बाईंचा हातखंडा होता. घराच्या मागच्या बाजूला त्यांची खोली होती. एक बुटकं टेबल, दोन खुर्च्या, मुलांचं लक्ष उडेल असं भिंतीवर काही नाही. कुठलंही काम त्या तुकड्या-तुकड्यांनी शिकवायच्या. चप्पल घालणं म्हणजे नऊ पायऱ्या आणि पायरीगणिक बक्षीस. हवं तसं वागलं तर बक्षीस, नको तसं वागलं तर सरळ काणाडोळा. वीस वर्षं हेच चाललेलं. त्या खोलीतून मुलं शर्टाची बटणं लावायला शिकून गेली होती, एक-दोन तर आयुष्यात पहिल्यांदा 'आई' म्हणून गेली होती. आया बाईंना देव मानायच्या, आणि बाईंनाही ते थोडंफार पटायला लागलं होतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

भिंगरी त्यांच्याकडे आली तेव्हा चार वर्षांची होती. सारखी स्वतःभोवती फिरायची म्हणून भिंगरी. बोलत नव्हती. दोन वर्षांत ती खुर्चीवर बसायला शिकली, हात मांडीवर ठेवायला शिकली, तहान लागली की पाण्याचं चित्र उचलून हातात द्यायला शिकली. तिची आई टपाल कचेरीत काम करायची. दुपारची पाळी मागून घेऊन रोज सकाळी साडेदहाला ती मुलीला घेऊन हजर व्हायची.

सातवं लागलं आणि भिंगरी उजव्या कानावर थपडा मारून घ्यायला लागली. मारायची आणि किंचाळायची.

"बाई, तिला दुखत तर नसेल ना?" आईने विचारलं.

बाईंनी तीन दिवस पाहणी केली. आई धावत जवळ आली की थपडा वाढत. भिंगरीला खोलीत एकटी ठेवून बाईंनी दाराच्या फटीतून तीनदा डोकावून पाहिलं, तिन्ही वेळा ती गप्प बसलेली. "दुखत असतं तर एकटी असतानाही मारलं असतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही धावत येता ना, तेच तिचं बक्षीस. धावू नका."

अशा वेळी आधी डॉक्टरला दाखवायचं, हा धंद्यातला पहिला नियम. बाईंना तो तोंडपाठ होता. पण भिंगरी कानाला हात लावू देत नसे. मागच्या वेळी दवाखान्यात तिला तिघांनी धरून ठेवलं होतं आणि त्यानंतर महिनाभर ती खुर्चीवर बसली नव्हती. ते सगळं पुन्हा नको, असं बाईंना वाटलं. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

अकरा दिवस आईने मुलीकडे पाठ केली. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून ती रडायची, पण वळायची नाही. बाईंनी सांगूनच ठेवलं होतं, आधी वाढेल, मग उतरेल. तसंच झालं. थपडा वाढल्या आणि बाराव्या दिवशी एकदम थांबल्या. आलेखाची रेघ तळाला टेकली. बाईंनी तो कागद आईला दाखवला, तेव्हा आईने त्यांचे हात धरले.

चार दिवसांनी उशीवर पिवळा डाग दिसला. आईला वाटलं, लाळ असेल. पुढचे कितीतरी दिवस तिला लाळच वाटत राहिली. अखेर वास यायला लागला, तेव्हा ती मुलीला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पडदा फुटला की ठणका थांबतो, डॉक्टर म्हणाले. म्हणूनच ती शांत झाली असणार. आतलंही सगळं सडलं होतं. त्या कानाने तिला आता ऐकू येणार नव्हतं. दुसराही कान तसाच नाजूक होता. "पुन्हा सुरू झालं तर पहिल्याच दिवशी आणा," डॉक्टर म्हणाले. "तिला सांगायला शिकवा."

आईने बाईंना हे सगळं सांगितलं, पण एका शब्दाने दोष दिला नाही. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "तेवढं शिकवा."

बाईंनी जिवाचं रान केलं. पण पाणी शिकवायचं तर समोर पाणी ठेवता येतं. दुखणं समोर कसं ठेवणार? त्यांनी कान धरून रडणाऱ्या मुलीचं चित्र काढलं. बाहुलीच्या कानाला पट्टी बांधली. स्वतःचा कान धरून कण्हल्या आणि भिंगरीच्या हाताने ते चित्र उचलवलं. बक्षीस म्हणून साबणाचे फुगे उडवले, कारण तिचा जीव फुग्यांवर होता. आठवड्यात ती शिकली. नंतर दिवसातून चाळीस वेळा ते चित्र आणून द्यायला लागली. तिला फुगे हवे असायचे. आईने चारदा तिला दवाखान्यात नेलं, चारही वेळा काहीच नव्हतं. पाचव्यांदा डॉक्टर वैतागले.

"खरंच दुखत असेल तेव्हा शिकवायला हवं," बाई जेवताना म्हणाल्या.

"आणि दुखतंय हे तुला कोण सांगणार?" नवऱ्याने विचारलं. या वेळी त्याला चेष्टा करायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं. वीस वर्षांत त्यांनी कुठल्याच मुलावर हात उगारला नव्हता. त्यांनी भिंगरीचा दंड पकडला आणि कळ जाईल असा चिमटा काढला. बाईंच्याच डोळ्यांत पाणी आलं. भिंगरीचं अंग ताठ झालं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती गप्प बसून राहिली. बाईंनी तिचा हात धरून चित्र उचलवलं, "दुखतंय" म्हटलं आणि फुगे उडवले. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. भिंगरी हसली, टाळ्या वाजवत फुग्यांमागे पळाली. शेवटचा फुगा फुटल्यावर ती परत येऊन खुर्चीवर बसली, बाही वर सारली आणि दुसरा हात बाईंच्या पुढे केला.

बाईंनी दार उघडलं. बाहेर बाकावर आई बसली होती.

"मी चिमटा काढला तिला," बाई म्हणाल्या. "दंडावर वळ आहे. उद्यापासून तिला माझ्याकडे आणू नका."

आईने वळ पाहिला. बराच वेळ ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली. भिंगरी हात पुढे करून उभीच होती.

"मग कुणाकडे नेऊ?" आईने विचारलं.

दोघींनी मिळून मुलीच्या पायात चपला चढवल्या. फाटकापर्यंत गेल्यावर आई थांबली, पण वळली नाही.

"साडेदहाला या," बाई म्हणाल्या.