सरळ काप

मी पेण सोडलं त्या सकाळी बाबा स्टँडवर आले नाहीत. आई आली. तिच्या पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. रोह्याची गाडी लागली तेव्हा ती म्हणाली, "दुकानात लग्नाचे ब्लाऊज पडलेत रे, म्हणून नाय आले ते." मी मान हलवली. रोहा काही लांब नाही, तिथे जाणाऱ्याला कोणी निरोपही देत नाही. पण बाबा ब्लाऊजमुळे थांबले नव्हते, हे मला ठाऊक होतं.

रोह्याहून पुढे मी ओमानला आलो. सोहारच्या एका प्लांटवर शिफ्ट करतो, रूम शेअर करतो, शुक्रवारी कपडे धुतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं की सांगतो, पोटासाठी बाहेर पडलो. इथे सगळेच असं सांगतात आणि बहुतेकांचं ते खरं असतं. माझं अर्धंच खरं आहे. उरलेलं आज लिहितो. पेणला राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे निघून आले त्यांच्यासाठीही.

बाबा लेडीज टेलर होते. बाजारात छोटं दुकान, दोन मशिनी. कापड कापायला त्यांनी मला दहाव्या वर्षीच शिकवलं. "कात्री उचलायची नाय, सरकवायची," असं म्हणायचे. माझा हात चांगला बसला होता, त्याचा त्यांना अभिमान होता. मला मात्र लाज वाटायची. शाळेत पोरं मला 'ब्लाऊज' म्हणायची. आयटीआयला गेलो तरी ते नाव सुटलं नाही.

मग दीपक भेटला. आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. पेणमधल्या रामवाडीच्या स्टँडसमोर संध्याकाळी बाइक लावून बसायचा. त्याच्या भोवती आम्ही सहा-सात जण, शाळेतला सच्याही त्यात. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींचे कपडे बघायचे आणि बोलायचं, एवढाच आमचा उद्योग. "ओढणी घरी विसरली काय?" "बापाला फोन लावू?" काही मुली रडायच्या, काही लांबूनच रस्ता बदलायच्या. दीपक म्हणायचा, आपण गावाची अब्रू राखतो. मला अब्रूचं काही पडलं नव्हतं. तिथे मला कोणी 'ब्लाऊज' म्हणत नव्हतं, म्हणून मी जात होतो.

वृषाली पेणजवळच्या गागोद्याची. बीएस्सी करून रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली होती. रोज संध्याकाळी रामवाडीला उतरायची आणि पुढे गागोद्याची रिक्षा धरायची. एकदा ती बाबांकडे मोबाइलवर फोटो घेऊन आली. गुडघ्यापर्यंतचा निळा फ्रॉक, खाली मोठा घेर. बाबांनी असं काही शिवलं नव्हतं. दोन दिवस कागदावर आखत बसले. झाल्यावर त्यांनी तो फ्रॉक एक दिवस दुकानाच्या दारात लावून ठेवला, येणाऱ्या बायकांना दिसावा म्हणून.

तो घालून ती स्टँडवर उतरली, तेव्हा सहा वाजले असतील, चांगला उजेड होता. दीपकने बाइक आडवी घातली. "गुडघे दाखवायला कंपनीत जाते काय?" तिने बाजूने जायचा प्रयत्न केला. पोरं सरकली आणि वाट बंद झाली. दीपक मला म्हणाला, "मंग्या, तुझ्या सॅकमध्ये कात्री असते ना? काढ."

होती. बाबांनी सकाळी धार लावायला दिली होती, मी संध्याकाळी घेऊन घरी चाललो होतो. मी काढून दिली. दीपकने ती धरली आणि त्याला ती धरताच येईना, मोठी कात्री होती. त्याने ती परत माझ्या हातात दिली. "तू कर. तुला येतं."

माझ्यावर कोणी बळजबरी केली, असं मी सांगू शकत नाही. माझा हात कोणी धरला नव्हता. मी खाली बसलो, घेराची कड धरली आणि कात्री सरकवली. वीतभर वर, मग आणखी थोडं. ती ओरडली नाही. डब्याची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिली. तिचे पाय मला अगदी जवळून दिसत होते. वडापावच्या गाडीवरच्या माणसाने तोंड फिरवलं. मागून सच्या हसला. मी उठलो तेव्हा दीपकने पाठीवर थाप मारली, आणि खरं सांगतो, मला त्या क्षणी बरं वाटलं.

चौथ्या दिवशी ती फ्रॉक घेऊन दुकानात आली. मी आत मशीनवर होतो. तिने मला पाहिलं आणि बाबांना म्हणाली, "काका, तारेला अडकून फाटला. नीट होईल का?" बाबांनी कापड हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग म्हणाले, "होईल. परवा ये गं बाय."

ती गेल्यावर त्यांनी फ्रॉक माझ्यासमोर टाकला. "तारेने फाटलं तर धागे ओढले जातात. हा काप हाय. सरळ हाय." त्यांनी कापावरून बोट फिरवलं. "असा काप पेणात दोघांचा येतो. मी नाय केला."

त्यांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. घेराचा तेवढा भाग काढून नवं कापड जोडलं, दुपारच्या दोन तासांत, जेवण न करता. मला म्हणाले, "उद्यापासून दुकानात येऊ नको." आईला सांगितलं, पोराचं कंपनीत बघू. दोन महिन्यांनी मला रोह्याला अप्रेंटिसशिप मिळाली. त्या दोन महिन्यांत आम्ही एकत्र जेवायला बसलो, पण ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत.

कंपनीतल्या पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरने सॅम्पलची बाटली देऊन मला लॅबमध्ये पाठवलं. काउंटरच्या पलीकडे पांढऱ्या कोटात वृषाली होती. ही तीच कंपनी आहे, हे मला माहीत नव्हतं. तिने बाटली घेतली, वेळ लिहिली. "तिकडे ठेव," एवढंच म्हणाली. वर्षभर मी तिच्या हातात बाटल्या देत होतो आणि वर्षभर तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कोटाच्या आत कायम पूर्ण बाह्यांचा पंजाबी ड्रेस, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना.

अप्रेंटिसशिप संपत आली तेव्हा मी गेटबाहेर तिला गाठलं. म्हणालो, मॅडम, माझं चुकलं. तुम्ही बाबांना खरं सांगितलं नाहीत, आमची इज्जत ठेवलीत, हे मी विसरणार नाही.

ती थांबली. "तुझी इज्जत?" तिने विचारलं. आवाज शांत होता. "मला रोज त्याच स्टँडवर उतरायचं होतं. तुझं नाव घेतलं असतं तर तुम्ही पोरांनी मला उतरू दिलं असतं काय? भ्याले म्हणून खोटं बोलले."

ती दोन पावलं पुढे गेली आणि परत वळली.

"तुझे बाबा आमच्या घरी आले होते गागोद्याला. ओटीवर उभे राहिले, बसले नाहीत. हात जोडले माझ्या आईसमोर. त्यांनी काय केलं होतं?" मग म्हणाली, "मी आता इथेच रूम घेऊन राहते. तिघी जणी. घरी महिन्यातून एकदा जाते, नागोठण्याहून फिरून, पेणला न उतरता. तुझी माफी घेऊन त्यात काय बदलणार? जा तू."

ती गेली. मी पुढे परदेशात गेलो तेव्हा गल्लीने माझ्या गळ्यात हार घातला. तिने गाव सोडलं तेव्हा कोणाला कळलंही नाही. घर सोडण्याबद्दल इथे आम्ही किती बोलतो, उसासे टाकतो, सुक्या मासळीच्या पिशव्या मागवतो. माझ्यामुळे एका मुलीला पेणपासून बारा-पंधरा किलोमीटरवरचं घर सोडावं लागलं, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही.

बाबा चार वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या काही वर्षांत ते फोनवर बोलायचे, तब्येत विचारायचे. पण तो विषय त्यांनी काढला नाही, आणि माझी हिंमत झाली नाही.

गेल्या महिन्यात शाळेच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुठल्याशा गावात चार पोरं एका मुलीला अडवून तिच्या कपड्यांवरून धमकावतायत. सच्याने खाली लिहिलं, 'आपले रामवाडीचे दिवस आठवले. मंग्या, तुझी कात्री!' आणि हसणारे चेहरे. बाकीच्यांनीही हसणारे चेहरे टाकले. ही माणसं आता मुलाबाळांची आहेत. एकजण शिक्षक आहे.

मी ब्रेकमध्ये कॅन्टीनच्या मागे उभा राहून लिहिलं. तो काप मी केला होता. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्या मुलीला त्यानंतर आपल्या गावातून जाता येईना. आपण गुंड होतो, आणि मी त्यांतला सगळ्यात भित्रा होतो. दोघे ग्रुप सोडून गेले. सच्याचा फोन आला, "कशाला जुनं उकरतोस? वहिन्यापण वाचतात." मी म्हटलं, वाचू देत.

दोन दिवसांनी आईचा फोन. शेजारच्या सुनेने तिला वाचून दाखवलं होतं, तिचा नवरा त्याच ग्रुपवर आहे.

"खरं हाय?" तिने विचारलं.

"व्हय."

"ह्यांना ठाऊक होतं?"

"होतं. तेव्हाच."

पलीकडे तिने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "म्हंजे एवढी वर्षं मीच एकटी येड्यासारखी. तुमच्या दोघांचं का जमत नाय, म्हणून ह्यांच्याशी भांडत राहिले. पोराला दुकानातून का काढलंत म्हणून किती बोलले मी त्यांना. ऐकून घेतलं त्यांनी."

"आई," मी हाक मारली.

"आता नको," ती म्हणाली. "काय बोलायचं ते इकडे येऊन माझ्या तोंडावर बोल." आणि फोन ठेवला. आजवर आमचा फोन नेहमी मीच ठेवत आलो होतो, ती बोलत राहायची.

पुढच्या महिन्यात रजा मिळतेय. तिकीट काढलंय. पूर्वी घरी जायचं म्हटलं की काय खायचं, कोणाला भेटायचं ते डोक्यात यायचं. आता एकच येतं. आई दारात उभी असेल, तिला सगळं ठाऊक असेल, आणि ती बाजूला होईल की नाही ते मला माहीत नाही. तरी मला तिथेच जायचंय, दुसरीकडे कुठे नाही.