बोट सरळ ठेव, पोरी!

बोईसरच्या हाडांच्या दवाखान्यात मी झाडू-पोछा करते, वेळ पडली तर पेशंटचा हातही धरते. कापूस, पट्ट्या रोज झाडून निघतात. किस्से काही निघत नाहीत!

एक कारखान्यातला व्हॉलीबॉलवाला. बोट सांध्यातून निखळलं, ते दोस्ताने मैदानातच ओढलं, मग आणखी बिघडलं. डॉक्टर दोस्तावर खेकसले, "कल इसका दाँत दुखेगा तो वो भी खींचोगे?"

व्हॉलीबॉलवाल्याने तोंड उघडून दाखवलं. "खींचा था, साब!"

इथल्याच माहीम गावचा एक विकेटकीपर. डॉक्टरांनी त्याचं दुखरं बोट शेजारच्या बोटाला पट्टीने बांधून दिलं. पुढच्या वेळी आला तर पट्टी चांगल्या हाताला!

"पट्टीवर ग्लव्ह जात नाही, म्हणून खेळताना काढली," म्हणाला. "मग घाईत परत बांधली, घरी आई पट्टी बघते ना!"

पाम गावचे एक काका, जुने कबड्डीवाले. करंगळी कायमची वाकडी. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून सरळ करू.

काकांनी हात मागे घेतला. "जिंकलेले कप सगळे सूनबाईने भंगारात दिले. आता येवढंच राह्यलंय माझ्याकडं."

त्या दिवशी मी कोणावर ओरडले नाही.

आणि आमची निशा, माझी पोरगी. कबड्डीत पकड करताना तिच्या बोटाचं टोक लोंबलं. डॉक्टरांनी खालून कडक पट्टी लावली. "सहा आठवडे बोट सरळ. टोक क्षणभर जरी वाकलं तरी पहिल्यापासून सुरुवात. मग जिल्ह्याची निवड विसरायची!"

मी तिला भरवलं, तिची वेणी घातली, शिव्या घातल्या. तरी संध्याकाळ झाली की ती जर्सी घालून ओट्यावर बसायची.

"कुठं चाललीस?"

"कुठं नाय." आणि ग्राउंडच्या दिशेने बघत राहायची.

निवड जवळ आली तेव्हा तिच्या टीमची मॅच लागली. "नुसती बघते गं, आई." रेषेबाहेर बाकावर माझ्या शेजारी बसली. समोरची पोरगी चढाईला आली, आमच्या दोन पोरींना चकवून आमच्या बाजूच्या रेषेलगत आली, आणि निशाने बाकावरून झेप टाकून तिचा घोटा धरला! शिटी वाजली. पॉइंट समोरच्यांना. बोटाचं टोक परत खाली.

दवाखान्यात ती मान खाली घालून रडत होती. मी हात उगारला, डॉक्टरांनी अडवला. "रडू नको गं. निवड पुढच्या वर्षी परत असते."

"त्याचं नाय वो, सर," निशा म्हणाली. "घोटा हातात आलेला. निसटली!"