आमचे मनाने चांगले भाऊजी

आमच्या घरात कुणाला ‘मनाने चांगला’ म्हटलं, की ऐकणारा आधी विचारतो, “काय मोडलं?”

हे विशेषण वापरायची एक रीत आहे. ते माणसाच्या पाठीमागे, आवाज जरा खाली आणून आणि नुकसान झाल्यावरच वापरायचं. ज्याच्या औषधाने ताप उतरतो त्या डॉक्टरला कुणी मनाने चांगला म्हणत नाही. नळ नीट करून गेलेल्या प्लंबरचं मन कसं आहे, याची चौकशी मी तरी कधी ऐकलेली नाही. नळ गळतच राहिला तर मात्र त्याच्या मनाचा विषय निघतो.

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, यांच्या बाबतीत हा विषय आठवड्यातून एकदा तरी निघायचाच. मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. एकदा मी परगावी गेले तेव्हा त्यांनी माझ्या निवडुंगाला सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. “तहानलेला दिसत होता,” म्हणाले. मी परत आले तेव्हा कुंडीत नुसता चिखल होता. शेजारच्या काकूंच्या दाराची करकर त्यांनी न सांगता तेल घालून बंद केली. त्या करकरीवरूनच काकूंना कळायचं, मुलगा किती वाजता घरी आला. “भीक नको पण कुत्रा आवर,” असं काकू मला म्हणाल्या, आणि लगेच आवाज खाली आणून, “पण मनाने चांगले आहेत हो.”

गंमत अशी, की भाऊजी ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात तिथे त्यांना हे विशेषण कुणीच लावत नाही. तिथे त्यांचं नाव ‘कडू मास्तर’. “आरसा तोंड बघायला दिला नाहीये!” हे त्यांचं गोडातलं गोड वाक्य. शिकणाऱ्याने भर रस्त्यात गाडी बंद पाडली, की हे हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत बसतात, मागे कितीही हॉर्न वाजोत. “पाडलीत तुम्ही, चालू करा तुम्ही.” माणसं रडकुंडीला येतात, घरी जाऊन त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, आणि पहिल्या टेस्टला पास होतात.

त्यामुळे ताईने गाडी शिकायचं ठरवलं तेव्हा दुसरा मास्तर शोधणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा झाला असता. ताई नर्स आहे. वॉर्डात उभं राहून राहून तिचे गुडघे गेलेत. तिच्या हॉस्पिटलने अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या घरी नर्स पाठवायचं ठरवलं. गाडी हॉस्पिटलची, पण चालवायची नर्सने. त्या जागेवर ताईचा जीव जडला होता. मेट्रनबाईंनी ती तिच्यासाठी अडवूनही ठेवली होती.

आणि ताई टेस्टला नापास झाली. दोनदा. दोन्ही वेळा चढावर. तिथे अर्ध्यावर गाडी थांबवून, मागे जाऊ न देता पुन्हा वर न्यायची असते. भाऊजींबरोबर सरावाला ती त्याच चढावर अशी सुरेख जायची की बघत राहावं. टेस्टला शेजारी इन्स्पेक्टर बसला, की तीच गाडी मागे घरंगळायची. तान्ह्या बाळाच्या हातात सुई घालताना जिचं बोट हलत नाही, ती माझी बहीण म्हणायला लागली, “माझ्या पायातच काहीतरी कमी आहे गं. वय झालं.” मेट्रनबाईंनी सांगितलं, आणखी एकदा बघू, नाहीतर नाइलाज आहे. भाऊजी म्हणाले, “इन्स्पेक्टरच खडूस आहे.”

तिसऱ्या टेस्टच्या आदल्या आठवड्यात भाऊजी काकूंकडचा बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि पडले. बल्ब बदला असं काकू म्हणाल्या नव्हत्या. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. काकू काय म्हणाल्या ते आता सांगायला नको.

तरी सराव चुकवायचा नाही म्हणून भाऊजी ताईशेजारी बसले. कुबड्या सांभाळत मी मागे. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. पण प्लास्टर इतकं जाड, की तो पाय पेडलपर्यंत जाईना आणि दुसऱ्यालाही जाऊ देईना. हॉस्पिटलमागच्या चढावर ताईने गाडी थांबवली, पुन्हा सोडली, आणि गाडी सरळ मागे निघाली. मागून एक हातगाडीवाला येत होता. तो ओरडला, मी ओरडले, भाऊजींनी हँडब्रेक ओढला.

ताईने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. “नाही जमणार मला. मेट्रनबाईंना सांगून टाकते, द्या दुसरीला.”

तेवढ्यात मला खालून आवाज आला. ठक, ठक. गाडी थांबली होती तरी भाऊजींचं प्लास्टर खाली आपटतच होतं.

“भाऊजी, पाय दुखतोय का?”

“नाही. सवय आहे.”

ताईने डोकं वर केलं. “कसली सवय?”

भाऊजी काचेबाहेर बघायला लागले. “अगं, गाडी मागे जायला लागली की तुझा चेहरा कसा होतो, तुला नाही ठाऊक. मला नाही बघवत. मग मी जरासा ब्रेक... आणि क्लच. लागला तर.”

“म्हणजे इतके दिवस या चढावर गाडी कोण चढवत होतं?”

भाऊजींनी प्रामाणिकपणे विचार केला. “आपण दोघं.”

“आणि टेस्टला?”

“टेस्टला मी नसतो ना.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “सगळ्यांनाच असं शिकवता का हो तुम्ही?”

“छे गं!” भाऊजी दुखावले. “इतरांना मी शिकवतो.”

मी ताईकडे बघितलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, “म्हणजे माझ्या पायात काही कमी नाही. मला कुणी शिकवलेलंच नाही.” मग नवऱ्याकडे वळून, “उद्यापासून मला कडू मास्तर पाहिजेत. घरचे नकोत.”

सांगणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी गाडी बंद पडल्यावर भाऊजी कसेबसे म्हणाले, “मूर्खासारखा क्लच सोडलास,” आणि लगेच, “म्हणजे तू नव्हे, हा क्लचच मूर्ख आहे.” ताईने गाडी बाजूला घेतली. “अहो, नीट ओरडा. माझी नवी जागा जातेय.”

टेस्टच्या आदल्या दिवशी तोच चढ, मागे गाड्यांची रांग. ताईची गाडी बंद पडली, चालू झाली, पुन्हा बंद पडली. हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. भाऊजींनी चांगला पाय सीटवर उचलून दुमडून घेतला, हाताची घडी घातली आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

“पाडलीस तू, चालू कर तू,” ते म्हणाले. आवाज इतका कोरडा, की मी दचकले. “रडायचं असेल तर घरी जाऊन रड. पुन्हा!”

इंजिन ओरडलं, गाडीने गचके खाल्ले. त्यात सुरेख असं काही नव्हतं. पण ती वर चढली, आणि एकटीच्या पायांनी चढली. ताई मोठ्याने हसायला लागली. माथ्यावर भाऊजी कुबड्या मागून घेऊन खाली उतरले आणि गाडीमागे जाऊन उभे राहिले. उलटी होतेय की काय म्हणून मी बघायला गेले, तर ते रडत होते. “मी तिला रड म्हणालो गं,” म्हणाले. त्या दिवशी ते धड जेवलेही नाहीत.

ताई पास झाली. टेस्टलाही गाडी एकदा बंद पडलीच. तिने चालू केली.

नव्या कामाच्या पहिल्या सकाळी हॉस्पिटलची गाडी दाराशी उभी होती. भाऊजींनी विचारलं, “कोपऱ्यापर्यंत शेजारी बसू का?” ताई नको म्हणाली. मग ते पायरीवर उभे राहिले. काकू आपल्या आवाज न करणाऱ्या दारातून बाहेर आल्या आणि भाऊजींकडे बघून, सवयीने आवाज खाली आणत ताईला म्हणाल्या, “मनाने फार चांगले आहेत हो तुमचे मिस्टर.”

“मनाचं राहू द्या काकू,” ताई पट्टा लावत म्हणाली, “शिकवतात चांगलं.” आणि गेली.

ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत भाऊजींचा पाय पायरीवर दाबलेला होता. मग पडलेल्या चेहऱ्याने त्यांनी मला विचारलं, “अजून रागावलीय का गं? ‘शिकवतात चांगलं’ एवढंच म्हणाली. हे तर पास झालेलं कुणीही म्हणेल.”

“भाऊजी,” मी म्हटलं, “ती पास झाली म्हणूनच म्हणाली. नापास झाली असती, तर तुम्ही मनाने चांगले झाला असतात.”