सामन्याआधीची फुलं

सकाळी फिरणारे, संध्याकाळी बसणारे आणि दिवसभर नुसतेच उभे राहणारे अशा सातपूर परिसरातील तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या कारखान्याच्या मैदानावरील लिंबाखालचे सिमेंटचे बाक रिकामे झाले आहे. ज्यांना बसायचे असेल त्यांनी खुशाल बसावे.

दोन महिने झाले, कुणी बसलेलं नाही. परवा एक पाहुणा टेकायला गेला, तर मैदान झाडणाऱ्या मावशींनी खराटा आडवा धरला. "तिथं नका बसू, सरांची जागा आहे."

"कुठायत सर?"

"जर्मनीला."

पाहुणा उभाच राहिला. काय करेल बिचारा!

तुम्ही सरांना पाहिलेलं असणार. गंगापूर रोडला भाजी घेताना सगळ्या गर्दीच्या वर एक पांढरं डोकं दिसायचं ना, तेच. साडेसहा फूट उंची, डावा पाय गुडघ्यात किंचित आखडलेला, आणि मनगटावरच्या घड्याळावर बोटानं दोनदा टकटक करायची सवय. टकटक झाली की दोन शब्द यायचे. "उद्या. सहा."

नाशिकला ते आले ते बाईंचे यजमान म्हणून. बाई इंजिनिअर. आमच्या कारखान्यात नवा विभाग उभा करायला अडीच वर्षांसाठी आलेल्या. आता आपल्याकडे माणूस भेटला की तिसरा प्रश्न ठरलेला. सोसायटीतल्या प्रत्येकानं विचारून घेतलं, "आपण काय करता?" सर शांतपणे इंग्रजीत सांगायचे, "मी थांबतो." बायको कामावरून येईपर्यंत थांबतो, असा त्याचा सरळ अर्थ. पण ते असं म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, जर्मनीत हे मोठं खातं असेल.

मी कारखान्यात स्टोअर्सला आहे आणि आमच्या फुटबॉल संघाचा व्यवस्थापक आहे. व्यवस्थापक म्हणजे केळी आणणारा. मैदानाबाहेर उभं राहून पंचांवर ओरडणं, हे त्यातलं मानाचं काम. संघ दरवर्षी कारखान्यांच्या स्पर्धेत उतरायचा आणि पहिल्याच सामन्यात हरून वेळेवर घरी यायचा. घरच्यांची काही तक्रार नव्हती.

सर रोज सकाळी त्या बाकावर येऊन बसायला लागले. अकरा दिवस नुसते बघत होते. बाराव्या दिवशी उठले, मैदानात गेले, आमचा कप्तान दराडे याला दोन्ही खांद्यांना धरून चार पावलं डावीकडे सरकवला, आणि परत बाकावर जाऊन बसले. दराडे सिन्नरकडचा, अंगानं भरलेला, फिटरच्या कामात एक नंबर. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "देवरेभाऊ, मला कपाटासारखं सरकवलं हो यानं!" पाच मिनिटांनी बॉल नेमका त्या जागी आला. दराडेनं तो अडवला. आयुष्यात पहिल्यांदा, न पळता. त्याच दिवशी आम्ही त्यांना सर म्हणायला लागलो.

सरांनी पहिलं काय केलं असेल तर बॉल काढून घेतला. आठवडाभर तो त्यांच्या काखेत. आम्ही नुसतं चालायचं, थांबायचं, वळायचं. चुकलं की "परत." हा मराठी शब्द त्यांना कुणी शिकवला हे आम्ही शोधून काढलं असतं, तर त्याची धडगत नव्हती.

आता सहाची गोष्ट. "उद्या. सहा." म्हटल्यावर आमची मंडळी सहा-पंचवीसला उगवायची. सहा म्हणजे साडेसहाच्या आत, हे नाशिकमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. सर कधी रागावले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेटवरच्या वॉचमनचा मला फोन. "साहेब, लवकर या. ते गोरे साहेब हवेला शिकवतायत!" धावत गेलो. रिकाम्या मैदानात सर बरोबर सहाला सराव सुरू करून मोकळे. शिट्टी वाजवत होते, हातवारे करत होते, नसलेल्या दराडेला डावीकडे सरकवत होते आणि मधेच थांबून हवेला दरडावत होते, "परत!"

दुसऱ्या दिवशी सहाला शकीलभाई हजर. आमचा गोलकीपर. मूळ येवल्याचा, घरी वडील पैठणी विणायचे, हा इथे वेल्डर. बोलणं जवळजवळ नाहीच. बॉल मात्र असा धरायचा, की जणू त्याला सुरकुती पडेल. आठवड्यात सगळे सहाला. दराडेची बायको मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "भाऊजी, लग्नाचा मुहूर्त चुकवलेला माणूस हाय हा. त्या सरांना काय देऊ सांगा."

सराव संपला की मी आणि सर बाकावर चहा घ्यायचो. त्यांचं आयुष्य मला तिथे, अर्ध्या-अर्ध्या कपानं कळलं. खाणकामगाराचा मुलगा. अकरा वर्षं तिकडच्या दुसऱ्या श्रेणीत डावा बचावपटू. "एकूण तीन गोल," ते म्हणाले. मी कौतुकानं मान हलवली. "त्यातला एक आमच्याच जाळ्यात." मग गुडघा गेला आणि ते प्रशिक्षक झाले. छोट्या छोट्या गावांतले सात क्लब. सातही ठिकाणांहून काढलं. एकदा पत्रानं, एकदा फोनवर, एकदा तर पेपरमध्ये वाचून कळलं. तिकडे संघ चार सामने हरला की प्रशिक्षक बदलतात, जसा आपण पंख्याचा रेग्युलेटर बदलतो.

हे सगळं ते हसत सांगत. एकदाच हसले नाहीत. "देवरे," ते म्हणाले, "स्पर्धेचा शेवटचा सामना मी माझ्या बाकावर बसून कधी पाहिला नाही. एकदाही नाही. त्याच्या आधीच मी घरी असतो. तेवढा एक पाहायचाय."

मी केळं पुढे केलं.

आणि त्या वर्षी आम्ही पहिला सामना जिंकलो. दुसरा जिंकलो. तिसरा शकीलभाईनं जिंकून दिला. आम्ही अंतिम सामन्यात, तोही आमच्याच मैदानावर! कारखान्यात पेढे वाटले. आता अशा वेळी नाशिकचा माणूस काय करतो? सत्कार करतो. व्यवस्थापक या नात्यानं मी तो सामन्याआधीच ठेवला. शाल, श्रीफळ, हा एवढा पुष्पगुच्छ, गुलाबी फेटा आणि लाउडस्पीकर. सरांना काही सांगायचं नाही, असं मीच सगळ्यांना बजावलं. अहो, मौज!

सामन्याला वीस मिनिटं असताना सरांना मैदानाच्या मधोमध बोलावलं. फेटा बांधणाऱ्याला खुर्चीवर चढावं लागलं. लोक टाळ्या वाजवत होते. दराडेनं शाल घातली, नारळ दिला. मी पुष्पगुच्छ दिला. आणि सरांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

मला वाटलं, गहिवरले. त्यांनी एकेका खेळाडूपाशी जाऊन हात हातात घेतला. शकीलभाईच्या खांद्यावर थोपटलं. मग फुलं काखेत, नारळ हातात, फेट्यासकट गेटकडे चालायला लागले. दराडे म्हणाला, "लघवीला चाललेत." पण सरांनी मनगटातलं घड्याळ काढून खिशात टाकलं, ते मी पाहिलं. मी धावलो.

गेटपाशी गाठलं. "सर, कुठे?"

"समजलं मला," ते म्हणाले. "तुम्ही सभ्य लोक आहात. फक्त एवढं सांग, नवा माणूस कोण?"

"कुठला नवा माणूस?"

"आमच्याकडे सामन्याआधी मैदानावर बोलावून फुलं देतात, ती जाणाऱ्याला. शेवटच्या क्लबात अशीच दिली होती. फोटो काढला. मागे वळलो, तर माझ्या बाकावर दुसरा बसलेला." त्यांनी गुच्छाकडे पाहिलं. "तिथला गुच्छ निदान लहान होता."

मंडळी, मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ठोकली आहेत. त्या दिवशी इंग्रजीनं दगा दिला. जीव तोडून म्हणालो, "नाही हो सर! आमच्याकडे उलटं असतं. काम व्हायच्या आधीच सत्कार!"

"आधी? हरलात तर?"

"तरी झालेला असतो ना! नंतर ठेवला तर राहूनच जातो. आणि हा नारळ, हा तर सुरुवातीचाच असतो. दुकान काढा, गाडी घ्या, पूल बांधा, आधी नारळ!"

सरांनी नारळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मागून शिट्टी वाजली. "म्हणजे माझं बाक..."

"रिकामं आहे सर. मावशी राखण करतायत."

फुलं त्यांनी वॉचमनला दिली. नारळ काखेत मारला, बॉल धरायचे तसा, आणि तो आखडलेला पाय घेऊन असे पळाले की फेट्याचा शेमला मागे वाऱ्यावर. सबंध सामना त्यांनी फेट्यातच पाहिला.

हरलो. एका गोलानं, शेवटी शेवटी. दराडे गवतावर पडून रडला. पण मी सरांकडे बघत होतो. समोरचे नाचून गेले, खुर्च्या गेल्या, लाउडस्पीकरवाला वायरी गुंडाळायला लागला, जाळी उतरवली, तरी ते बाकावरच. "असा असतो होय," एवढंच म्हणाले. मग खिशातून घड्याळ काढून बांधलं, त्यावर टकटक केली. "उद्या. सहा."

दराडे ओरडला, "सर, स्पर्धा संपली! आता कशाला?"

"उद्या. सहा."

आणि गेलो. सगळे गेलो.

बाईंचं काम संपलं आणि दोन महिन्यांपूर्वी ते परत निघाले. निरोपाला काय करायचं, यावर आमची रीतसर बैठक झाली. शाल नको, नारळ नको, फुलांचं तर नाव काढायचं नाही. त्या दिवशीचा तो पांढरा चेहरा पुन्हा कुणालाच बघायचा नव्हता. सकाळी सोसायटीच्या गेटवर आम्ही सोळाजण उभे, हात संपूर्ण रिकामे. रिकाम्या हातांचं काय करायचं, हे सत्कारात मुरलेल्या माणसाला कळत नाही. दराडेनं हात मागे बांधले, सोडले, पुन्हा बांधले.

सर खाली आले. बॅगा गाडीत ठेवल्या. मग रांगेतल्या प्रत्येकापाशी थांबून आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. कुणाकडे फूल नाही, पाकळी नाही. शेवटच्या माणसापर्यंत पोचेस्तोवर त्यांना हसू आवरेना. डोळे मात्र पुसायला लागले.

गाडीत बसले. काच खाली होती. बाई पुढून काहीतरी म्हणाल्या. सरांनी सवयीनं मनगटावर दोनदा टकटक केली, तोंड उघडलं, आणि मिटलं. पुढचे दोन शब्द म्हणायची सोय राहिली नव्हती. गाडी हलली. आम्ही सगळे खाली मान घालून उभे.

आणि जो माणूस अडीच वर्षांत बॉल मागण्यापलीकडे बोलला नव्हता, तो शकीलभाई गाडीमागे चार पावलं धावत मोठ्यानं ओरडला,

"सर, उद्या! सहा!"