खळ्यावरचं हेलिकॉप्टर

आमच्या ह्यांचं बेलापुरात ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. दुष्काळाच्या आदल्या वर्षी त्यांनी एका माणसापुरतं हेलिकॉप्टर बनवायला घेतलं. दोन माणसांचं का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तुझं वजन झेपायचं न्हाई."

हे खूळ डोक्यात शिरलं ते रद्दीत आलेल्या एका इंग्रजी मासिकामुळे. परदेशात असली यंत्रं कधीच करून झाली होती. एकाने इंजिन आणि पंखा पाठीला बांधला. पण उतरायचं आपल्याच पायांवर, आणि पाय घसरला की फिरता पंखा जमिनीला लागायचा. दुसरं यंत्र सैनिकांसाठी होतं. त्यात पंखे खाली आणि माणूस वर उभा. पंखे एकमेकांवर आपटले, तेव्हा सैन्याने नाद सोडला. हे सगळं ते मला चित्रं दाखवून कौतुकाने सांगायचे. मला एवढंच कळलं, की शेवटी ज्याने त्याने नाद सोडला.

आमच्या यंत्राला फटफटीचं इंजिन, सागवानी पंखा आणि पत्र्याची खुर्ची होती. मला भीती वाटायची आणि मी ती कधी लपवली नाही. रोज कटकट करून शेवटी तडजोड झाली. यंत्र दोरांनी खुंट्यांना बांधायचं, आणि एकदा ते जमिनीवरून सुटलं, कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं, की त्याच दिवशी मोडायचं. माझ्या गळ्याची शपथ घेतली त्यांनी.

दुकानामागे शेजारच्या काकांचं खळं होतं. ज्वारीची मळणी झाली होती, पण वारं पडलेलं, त्यामुळे उफणणी अडली होती. ह्यांनी खळ्याच्या कडेला यंत्र सुरू केलं. वारा जमिनीवर आपटून चहूकडे सुटला, तसे काका पाटी घेऊन धावले आणि तिवईवर चढून ज्वारी ओतू लागले. भूस लांब उडालं, दाणे पायाशी पडले. दुसऱ्या दिवशी आळीतले सगळे आपापली ज्वारी घेऊन हजर. त्यांनी नारळ फोडला, पंख्याला हळदकुंकू लावलं आणि खळ्याची रीत म्हणून ह्यांना चपला काढायला लावल्या.

"आवो, हे उफणायचं यंत्र न्हाई!" हे खुर्चीतून ओरडायचे.

"व्हय, व्हय. पर जरा जोरात सोडा की," काका म्हणायचे.

अशाच एका सकाळी ह्यांनी चिडून वेगाची मूठ पुरती पिळली. भुसाचा लोट उठला, सगळ्यांनी तोंडावर उपरणी ओढली. मी दुकानाच्या पायरीवर होते, त्या बाजूला भूस नव्हतं. दोर ताणले गेले आणि यंत्राचे चारही पाय जमिनीवरून सुटले. पायांखालून मला पलीकडची रास दिसली. मग ते धपकन खाली बसलं.

इंजिन बंद करून ह्यांनी विचारलं, "दिसलं का?"

लोक डोळे चोळत होते. "दाना लई साफ निघाला," काका म्हणाले.

मग ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं की सगळं संपणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"वीतभर उचललं हुतं," मी म्हणाले. "चारी पाय."

ह्यांचा चेहरा असा काही फुलला, की मला रडू आलं.

दिवस मावळायच्या आत त्यांनी यंत्र खोललं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाईटच वाटलं. सकाळी काका पाटी घेऊन आले आणि सुटे भाग बघून चक्रावले.

"मोडलं? कशापायी? झ्याक चालत हुतं की!"

हे खाली बसून नटबोल्ट डब्यात भरत होते.

"उडालं म्हणून," मी सांगितलं.