शुगर हाय का, पावणं?

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात रोज सकाळी उठून स्वतःच्याच धंद्यावर कुऱ्हाड घालणारा माणूस एकच हाय, आणि त्यो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आलाय. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. काम गुळव्याचं. म्हंजे बिद्रीच्या बाजूला एका गुऱ्हाळावर, काहिलीत रस उकळत असताना गूळ कवा झाला ते सांगायचं. जरा अलीकडं उतरला तर गूळ बसत न्हाय, जरा पलीकडं गेला तर करपतोय. असल्या मानाच्या जाग्यावर बसून ह्यो माणूस करतोय काय? रस्त्याकडंला गाडी थांबली, कोण गूळ घ्यायला उतरलं, की साडूंचा पयला सवाल, "शुगर हाय का, पावणं?" समोरचा हसत म्हणतोय, "हाय की थोडी, म्हणून तर साखर सोडून गूळ न्यायला आलोय." झालं! "मग अजिबात घिऊ नगा. साखरंचाच सख्खा भाऊ हाय त्यो. नुस्तं धोतर नेसून आलाय म्हणून फसू नगा." तिकडं मालक कपाळ बडवून घेतोय. त्येनं दोनदा साडूंना काढून टाकलं, आणि दोन्ही टायमाला तिसऱ्या दिवशी घरी जाऊन हात जोडून परत आणलं. दुसऱ्या कुणाच्या हातनं गूळच बसंना!

आता त्या धोतराला फसणाऱ्यांत पयला नंबर कुणाचा? माझा. मी शाहूपुरीत मालाचा टेंपो चालवतो. शाळा चौथीत सोडली, म्हंजे शाळेनंच मला सोडलं. मागं डोळ्याम्होरं माशा नाचाय लागल्या म्हणून डॉक्टरांकडं गेलतो. त्येंनी डोळ्यात बॅटरी मारली, रगात काढलं आणि म्हणालं, "शुगर लई वाढलीय. डोळ्याच्या पडद्यापत्तोर गेलीय. गोळ्या चालू करा, खाणं सुधारा. तीन महिन्यांत खाली आली न्हाय, तर गाडी चालवायचं बंद करावं लागंल." टेंपो बंद म्हंजे मीच बंद की. दुसरं मला येतंय काय? घरी आलो आणि बायकोला हुकूम सोडला, "आजपासनं ह्या घरात साखर बंद!" आणि शब्दाला जागलो बरं का. साखरंचा कण शिवलो न्हाय. दिवसाला आठ कप च्या, सगळा गुळाचा. वर शेंगा-गूळ, का तर ताकद येती. महिन्यानं रगात तपासलं तर साखर आणि वर चढलेली. मी डॉक्टरांच्या मशीनवर संशय घेतला.

ही कीर्ती साडूंच्या कानावर गेली. एसटी धरून आलं. च्या नको, पाणी नको, सरळ आमच्या सैपाकघरात शिरून डबा उघडला, ढेप उचलली, वास घेतला आणि म्हणालं, "ही माझ्याच हातची." मला वाटलं, खूश झालं. त्येंनी ढेप पिशवीत घातली. "पावणं, गूळ मी करतोय. त्येच्यात काय असतंय ते मला इचारायचं की वो!"

त्येंना सोताला आठ वर्सं शुगर हाय. आधी प्रत्येक काहील जिभेवर चाखून उतरवायचं, दिवसाला पावशेर तर जिभेवरनंच जायचा. आता जीभ बंद. थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटानं गोळी वळायची, भांड्यावर आपटायची, टण्णदिशी वाजली की वराडायचं, "उतरा!" चूक न्हाय. त्या दिवसापासनं त्येंनी माझीबी काहील हातात घेतली. त्येंचा कायदा साधा, "काय सोडायचं न्हाय. सोडल्यालं माणूस परत धरतंय. तुमी बिडी कितींदा सोडलीसा?" "सातदा." "मग! सोडू नगा, नुस्तं ताट उलटं फिरवा." म्हंजे आधी काकडी, मुळा, मेथीचा पाला. मग उसळ न्हायतर मटण. आणि भाकरी शेवटाला, तीबी अर्धी. शर्टाच्या खिशात पेन ठेवावा तशी ह्येंच्या खिशात काकडी असती.

ह्या उलट्या ताटानं सासरवाडीत एकदा इज्जत काढली. माझी शुगर निघायच्या आधी, मेव्हण्याच्या पोराचं जावळ होतं. पंगतीत मी दुसऱ्या भाकरीवर होतो, आणि साडू आपलं कांदा-काकडी चावत बसल्यालं. भाकरीला हात न्हाय. सासूबाईंनी बघितलं आणि पदर डोळ्याला लावला, "थोरलं जावई रुसलं! काय चुकलं वो आमचं?" साडूंचं तोंड काकडीनं भरल्यालं, म्हणून त्येंनी नुस्तं बोट वर केलं, थांबा म्हणून. मेव्हण्याला वाटलं, एक अंगठी मागतायत. त्यो आत गेला आणि खरंच अंगठी घिऊन आला. तवर साडू मटण संपवून भाकरीला लागल्यालं. "ही कशाला?" म्हणालं. अंगठी परत गेली. बाजूला मी चार भाकरी हाणून बसल्यालो, मला कुणी इचारलं न्हाय. जेवण झालं की दहा मिनिटं चालायचं, ह्योबी कायदा. आमच्या गल्लीत जागा कुठली? साडू आलं की दोघं जेवून माझ्या टेंपोभवती गोल फिरायचो. शेजारचा म्हणाला, "गाडी इकायला काढलीस व्हय रं? गिऱ्हाईक लई बारकाईनं बघतंय."

मी सगळं सरळ पाळलं म्हणालो तर जोतिबा मला बघून घेईल. मधी तीनदा मिसळ झाली, एकदा जादा पावासकट. म्हणून तपासणीच्या आधी दोन दिवस कडक उपास धरला. साडू खो खो हसलं, "तीन महिन्यांचं सगळं रगतात लिवल्यालं असतंय. रगात काय तुमचा साडू हाय व्हय, गप बसायला?" तपासायला जाताना टेंपोच्या किल्ल्या मी आतल्या खिशात दडवल्या, जसं डॉक्टर तिथंच काढून घेणार हाईत. डॉक्टरांनी कागद बघितला, डोळं बघितलं. "उतरलीय. अजून उतरवायचीय. पण चालवा गाडी."

मी टेंपो तसाच बिद्रीच्या रस्त्याला लावला. गुऱ्हाळावर काहील नुकतीच उतरल्याली. साडूंनी कागद धरला, उलटा धरला का सुलटा मला कळलं न्हाय, त्येंनाबी कळलं नसावं. मग वाफ्यातनं, म्हंजे गूळ गार व्हायला वततात त्या हौदातनं, हरभऱ्याएवढा गरम खडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"खावा."

"साडूबा, परीक्षा हाय व्हय?"

"न्हाय. खावा."

मी तोंडात टाकला. ते माझ्या तोंडाकडं बघत उभं.

"कसा हाय?"

"गोड."

"गोड असतोयच की, मुडद्या! कसा गोड?"

जन्मात पयल्यांदा मला अरेतुरे केलं. मी म्हणालो, "तुमीच खावा की एवढासा. काय सोडायचं न्हाय म्हणतासा न्हवं?"

"तुमची गोष्ट येगळी. माझ्या म्होरं सगळी काहील असती. एक खडा खाल्ला की जीभ आत उडी मारती. सगळं खातो मी. ह्ये एकच सोडलंय."

तवा माझ्या ध्यानात आलं. ज्येला शुगर न्हाय असं गिऱ्हाईक भेटलं, की साडू त्येला उभं करून खडा देतात आणि इचारतात, कसा हाय? गिऱ्हाईक म्हणतंय, मस्त, आणि गाडीत बसून जातंय. आठ वर्सं ह्या माणसाला, आपण काय केलं ते कुणी धड सांगितल्यालं न्हाय.

मी डोळं मिटलं. "पयला खमंग लागला. मग मऊ. आणि शेवटाला... जरा खारट."

"खारट व्हय?" साडूंचं तोंड असं फुललं! "मग ऊस वड्याकडंच्या खारवट रानातला. मला वाटलंच हुतं. आणि?"

हरभऱ्याएवढा खडा, त्यो कवाच इरघळून गेलता. पण साडू अजून बघत हुतं, आणि त्येंचाबी जबडा बारीक हलत हुता, म्हणून मी आपला उगंच तोंड हलवत उभा राहिलो.