शंभर कोण?

आमच्या शाळेत नवं आलेलं मूल पट्टीबाईंचं नाव ऐकूनच हात मागे घेतं. दुसऱ्या दिवशी त्याला कळतं की बाईंची पट्टी कागदाची आहे, आणि ती बाईंच्या नाही, मुलांच्याच हातात असते. जुन्या कॅलेंडरची पानं कापून बाई लांबलचक पट्ट्या करतात आणि वर्गात वाटतात. मग विचारतात, "शंभर कोण?"

शेकडेवारीचं कुठलंही गणित त्या इथूनच सुरू करतात. ज्याचे टक्के काढायचे ती पूर्ण वस्तू कोणती, हे ठरल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. टाकी गळत असेल तर शंभर म्हणजे भरलेली टाकी की उरलेलं पाणी? ते ठरलं की पट्टी म्हणजे ते शंभर. वीस टक्के हवेत तर तिच्या पाच सारख्या घड्या घालायच्या, पंचवीस हवेत तर चार. घडी बोटांना कळते, आणि जे बोटांना कळलं ते मुलं विसरत नाहीत, असं बाईंचं म्हणणं. मी भाषा शिकवते. गणिताचं आणि माझं विळ्याभोपळ्याचं सख्य. तरी शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारी बसून मलासुद्धा टक्के जमायला लागले, यात काय ते समजा.

क्षसर आमच्याकडे आले तेव्हा अगदी कोवळे होते. पदवी भारी, फळ्यावर अक्षर मोत्यासारखं, आणि प्रत्येक गणितात 'क्ष मानू' म्हणायची सवय, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी टाकीचं गणित घातलं. वीस टक्के पाणी गळून गेलं, दोनशे चाळीस लिटर उरलं, तर भरलेल्या टाकीत किती होतं? सरांनी घाईघाईत दोनशे चाळीसचेच वीस टक्के काढले, त्यातच मिळवले आणि दोनशे अठ्ठ्याऐंशी लिहून मोकळे झाले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, सर, उलटं करून पाहिलं तर जमत नाही. वर्गात खसखस पिकली.

शेजारच्या वर्गात पट्टीबाई होत्या. मधली भिंत नावालाच. त्या खडू मागायला म्हणून आत आल्या, फळ्याच्या कोपऱ्यात एक पट्टी काढली, तिचे पाच भाग केले, एक पुसला, उरलेल्या चारांवर २४० लिहिलं आणि खडू घेऊन निघून गेल्या. सरांना उमगलं. एक भाग साठचा, पूर्ण टाकी तीनशेची.

त्या दिवसापासून सर शाळा सुटल्यावर बाईंच्या बाकावर येऊन बसायला लागले. घड्या शिकले, 'शंभर कोण' शिकले, बाईंच्या डब्यातलं खाऊ लागले आणि 'ताई' म्हणू लागले. त्यांचं बाळ आजारी होतं तेव्हा बाईंनी त्यांचे सगळे तास घेतले. बाईंना समीकरणाचा राग कधीच नव्हता. पूर्ण पट्टीला क्ष म्हणायचं, तिचे शंभरातले ऐंशी भाग म्हणजे दोनशे चाळीस, हे त्यांना आवडलंच. "तीच पट्टी, फक्त कपडे बदललेत," असं त्या म्हणायच्या. दोघांचं ठरलं होतं, आधी पट्टी, मग क्ष.

बाईंच्या वर्गात सायकली दुरुस्त करणाऱ्याची मुलगी होती. तोंडी उत्तर देताना मध्येच थांबायची, म्हणून मुलं तिला पंक्चर म्हणायची. टक्क्यांचं गणित ती कोरंच सोडायची. पट्टी हातात आली आणि पोरगी धावायला लागली. क्षकडे जायला मात्र तिला वेळ हवा होता. सहामाही परीक्षा तोंडावर आली, तेव्हा बाईंना तिचीच काळजी. क्षसर आता पर्यवेक्षक झाले होते, पेपर तेच तपासणार होते. माझ्यासमोर, चहाचा कप हातात धरून ते म्हणाले, "ताई, पट्टी काढून उत्तर बरोबर आलं तर पूर्ण गुण. माझा शब्द."

बाईंनी तो शब्द वर्गाला दिला.

पेपर हातात आले तर जिथे जिथे पट्टी, तिथे तिथे लाल फुली. उत्तर बरोबर, गुण शून्य, बाजूला 'पद्धत अमान्य'. अक्षर मोत्यासारखं. पंक्चर आपला पेपर घेऊन बाईंकडे आली. रडली नाही, भांडली नाही.

"बाई, तुम्ही म्हणाला होतात," एवढंच म्हणाली.

बाई तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. मी मागोमाग, कारण मला राहवेना. वरून आलेल्या नमुना उत्तरांत फक्त समीकरण होतं, असं मुख्याध्यापक म्हणाले. बाईंनी सरांकडे पाहिलं. सर तिथेच खुर्चीत बसले होते. त्यांनी सरळ कानांवर हात ठेवले.

"मॅडम, मी असं काही बोलल्याचं मला आठवत नाही."

ताईंच्या एका क्षणात मॅडम झाल्या. मी म्हटलं, मी होते तिथे, मी ऐकलंय. तर भाषेच्या बाईंनी गणितात पडू नये, असं मला ऐकवण्यात आलं. माणसाने केसाने गळा कापावा तो असा, समोर बसून, अदबीने. मला त्या माणसाचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी त्यांना थांबवलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. "सर, एवढंच सांगा. पेपर तपासताना तुमच्या लेखी शंभर कोण होतं?" सरांनी घड्याळ पाहिलं आणि तास आहे म्हणून गेले. बाई कठडा धरून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "त्याने मला तोंडघशी पाडलं, ते सोसेन गं. पण त्या पोरीला वाटतं मीच खोटी."

मग गुणांसाठी बाईंनी मुलांकडून समीकरणं घोटून घेतली. पुढच्या चाचणीत गणित असं होतं. पुस्तकाचा पंचवीस टक्के भाग वाचून झाला, नव्वद पानं उरली, तर पुस्तक किती पानांचं? पंक्चर पेपर नाचवत आमच्या खोलीत आली. तिने क्ष मानला होता, नव्वदचेच पंचवीस टक्के काढून त्यात मिळवले होते, आणि पुस्तक एकशे साडेबारा पानांचं निघालं होतं. अर्धं पान असलेलं पुस्तक मी जन्मात पाहिलेलं नाही. चूक तीच, सरांची, पहिल्या आठवड्यातली. खाली त्याच मोत्यासारख्या अक्षरात शेरा होता, 'मांडणीसाठी एक गुण'.

बाईंनी विचारलं, पट्टी का नाही काढलीस?

"काढली होती ना बाई. एकशेवीस आलं होतं," ती म्हणाली. "मग खोडून टाकली."

बाईंनी कागद खिडकीशी धरला. खोडलेल्या जागी चार घरांच्या रेषा अजून पुसट दिसत होत्या.

"पट्टीला शून्य असतं," पोरगी त्यांना समजावू लागली. "या वेळी बघा, एक मिळाला."